घुम्या मुलगा आणि शिक्षकांचा शब्दकोश

माध्यमिक शाळेच्या शिक्षक-कक्षात मुलग्यांविषयी जी विशेषणे रोज वापरली जातात ती कोणीतरी एकदा वहीत उतरवून काढावीत. माजलेला, वांड, टगा, उर्मट, आळशी, घुम्या, तुसडा, कामचुकार, नादी लागलेला, वाया गेलेला. आमच्या तुळजापूर भागात यात ‘मस्ती आलीय’ आणि ‘डोस्कं फिरलंय’ यांची भर पडते. यादी पूर्ण झाली की लक्षात येते, यांतले जवळजवळ एकही विशेषण मुलाच्या मनाची अवस्था सांगत नाही. सगळी त्याच्या वर्तनावरचा निकाल सांगतात. त्याच कक्षात एखाद्या मुलीविषयी बोलताना मात्र ‘हल्ली गप्प गप्प असते’, ‘चेहरा उतरलाय तिचा’, ‘घरी काही झालं असेल का’ अशी वाक्ये ऐकू येतात. मुलींच्या वाट्याला आपल्या समाजात जे येते ते पाहता त्यांना काही अधिक मिळते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि ही विचारपूसही पुष्कळदा संशयातूनच झालेली असते. तरीही तिथे दुःखाची शक्यता निदान गृहीत धरलेली असते. मुलग्याच्या बाबतीत ती धरली जात नाही.

हायस्कूलमधल्या मुलग्यांमध्ये वाढणाऱ्या औदासीन्याच्या कारणांची चर्चा अलीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून वारंवार होते. परीक्षेचा ताण, मोबाईल, प्रेमप्रकरण, पालकांच्या अपेक्षा ही त्यातली ठरलेली चार कारणे. ती खोटी नाहीत. परंतु त्या चर्चेत एक पायरी गळालेली आहे असे मला वाटते. कारणांपर्यंत पोहोचण्याआधीच आपण मुलाचे दुःख दुर्गुणात भाषांतरित करून टाकतो. आणि हे भाषांतर स्वतःच त्या दुःखाचे एक मोठे कारण होऊन बसते. मराठी शिकवणाऱ्या माणसाने या विषयात बोलावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून आधीच सांगतो की हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच शब्दांचा आहे.

वैद्यकाला ही गोष्ट नवीन नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची ‘डीएसएम’ ही निदान-पुस्तिका जगभर प्रमाण मानली जाते. औदासीन्याच्या विकाराची लक्षणे देताना तिने स्पष्ट म्हटले आहे की प्रौढांमध्ये जिथे उदास मनःस्थिती दिसते तिथे मुलांत व किशोरवयीनांत त्याऐवजी चिडचिड दिसू शकते. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक मंदावणे वा वाढणे, कशातच रस न वाटणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत ही भावना. आणि हे सारे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज. आता ही लक्षणे वरच्या यादीशेजारी ठेवून पाहा. चिडचिड म्हणजे उर्मट; झोप बिघडलेली म्हणजे आळशी; रस न वाटणे म्हणजे कामचुकार; न बोलणे म्हणजे घुम्या. रोगाचे वर्णन आपल्याकडे शिवीच्या रूपात तयार आहे!

मराठी संज्ञांचीही इथे थोडी पंचाईत आहे. वर्तमानपत्रे ‘नैराश्य’ हा शब्द वापरतात. पण निराशा ही आशेच्या अभावाची, म्हणजे काहीतरी अपेक्षिलेले न मिळाल्याची भावना, आणि म्हणून नैराश्य म्हटले की लगेच ‘काय मिळालं नाही त्याला?’ असा प्रश्न येतो. गाडी, मोबाईल, मुलगी. ‘उदास’ हा शब्द तर संतपरंपरेत चक्क सद्‌गुण आहे. संसाराविषयी उदास असणे ही साधकाची पायरी आहे. पंधरा वर्षांचे पोर ‘मला उदास वाटतं’ असे म्हणत नाही, कारण त्याच्या बोलीत हा शब्द नाटकी ठरतो. ते म्हणते, ‘कंटाळा आलाय.’ आणि कंटाळा हा आपल्या घरांत अपराध आहे.

आकड्यांविषयी थोडक्यात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले आणि मुलगे व मुली यांत ते जवळजवळ सारखे होते. (त्या पहिल्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही नोंदवून ठेवावे.) एकट्या औदासीन्याचा विचार केला तर वयात आल्यानंतर मुलींमध्ये ते अधिक आढळते, हे जगभरचे निरीक्षण आहे. तेव्हा दुःखाची मोजणी मुलगे विरुद्ध मुली अशी करण्यात अर्थ नाही. २०२१ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार देशात अठरा वर्षांखालील १०,७३२ जणांनी आत्महत्या केली; त्यांत मुलींची संख्या काहीशी अधिक होती. पण सर्व वयोगट एकत्र घेतले तर त्याच वर्षी आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष सत्तर टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे न बोलण्याचे शिक्षण जे शाळेत सुरू होते त्याची फी पुढे, बाप झाल्यावर, भरली जाते. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट बोलकी आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या आत्महत्यांत ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण ८६४ प्रकरणांत नोंदले गेले. ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण ३,२३३ प्रकरणांत. पुरवण्यांचा रोख मात्र परीक्षेवर. परीक्षेविषयी बोलणे सोयीचे असते, कारण ते घराबाहेरचे आहे.

घराच्या आत काय आहे? धाराशिव जिल्ह्यापुरते, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण उस्मानाबाद म्हणत होतो त्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर घराच्या आत बाप आहे, आणि बापाचे मौन आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली, लोहारा-उमरगा भागातली गावे जमीनदोस्त झाली. त्या पहाटे जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज नववी-दहावीतल्या मुलांचे बाप आहेत. त्यांना तेव्हा घरे मिळाली, पत्रे मिळाले, पुनर्वसित गावांत सरळ रस्ते मिळाले. बोलायला किती जणांना मिळाले असेल? पुढे २०१२ नंतरचे दुष्काळ, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले ते २०१६ चे वर्ष, आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात भूम-परांड्याकडे शेते खरवडून नेणारा पूर. मुलाला वारसाहक्काने सात-बारावरचे नाव मिळायचे तेव्हा मिळेल. बापाचे गप्प बसणे त्याआधीच मिळते.

याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याचे कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचकांपैकी बहुतेकांनी शिकलेली किंवा शिकवलेली असेल. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. आपण ही कथा शेतकऱ्याच्या वेदनेची म्हणून शिकवतो, प्रश्नही तसाच काढतो: ‘कथेतून व्यक्त होणारी शेतकऱ्याची व्यथा स्पष्ट करा.’ परंतु ती व्यथा आपल्यापर्यंत कोणाच्या डोळ्यांनी येते? बापाबरोबर बाजारात आलेल्या शाळकरी मुलाच्या. त्याने बापाला असे पाहिले. त्या संध्याकाळी बापलेक घरी परतले असतील, वाटेत दोघांपैकी कोणी काही बोलले असेल असे वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात बसला असेल. गुरुजी म्हणाले असतील, ‘लक्ष कुठंय तुझं?’ इतकी वर्षे ही कथा शिकवली जात असताना त्या मुलाविषयी प्रश्न विचारलेला माझ्या पाहण्यात नाही. समीक्षेतही बहुधा तो केवळ निवेदनाची सोय म्हणून उरतो. ग्रामीण साहित्याच्या आपल्या चर्चेने बापाला नायक केले आणि साक्षीदाराला विसरून गेली.

शासनाचेही तेच झाले. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, उस्मानाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ आले. आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. काम मोलाचे होते. पण नावावरूनच दिसते की रोख शेतकऱ्याकडे होता. शेतकऱ्याच्या पोराकडे पाहण्याची जबाबदारी शाळेवर राहिली आणि शाळेला ती ठाऊक नव्हती. याच व्यवहारात एक शब्द असा आहे की जो ऐकून कोणाही भाषेच्या माणसाने दचकावे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला २००६ पासून एक लाख रुपयांची मदत दिली जाते आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. जमीन नावावर नव्हती, कर्ज नोंदणीकृत सावकाराचे नव्हते, की प्रकरण अपात्र. ज्या मुलाच्या बापाचे मरणच अपात्र ठरले त्याने शाळेत येऊन गृहपाठ का केला नाही याचे उत्तर काय द्यायचे?

तुळजापूर शहरातले मुलगे शेतीतलेच असतात असे नाही. देवस्थानाचे गाव असल्याने अनेकांची सकाळ दुकानावर जाते. कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, बांगड्या, प्रसाद, वाहनतळाची पावती. नवरात्रात तर गाव रात्रभर जागे असते आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा त्याच्याच आगेमागे येतात. मुलगा वर्गात डुलक्या देतो. इथे मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा पलंगावर निद्रेसाठी नेली जाते: नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. महिषासुराशी लढून देवी दमते, तिला विश्रांती हवी, हे सगळे गाव जाणते, त्यासाठी सिंहासन रिकामे ठेवते. निद्रेचे तीन प्रकार ओळखणाऱ्या या गावात पोराची झोप मात्र एकाच प्रकारची, आळसाची!

याच देवळाच्या आवारात बायकांच्या अंगात येते. केस मोकळे सोडून त्या घुमतात, रडतात, सासरच्या माणसांची नावे घेऊन जाब विचारतात, आणि तेवढा वेळ सारे हात जोडून ऐकतात. या प्रथेचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण दुःखाला चारचौघांत आवाज देणारी एक रीत म्हणून तिच्याकडे पाहता येते. जात्यावरची ओवी ही अशीच दुसरी रीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, मरण, सगळे त्यात बायका जात्याशी बोलून गेल्या. पुरुषाच्या, त्यातही वाढत्या वयाच्या मुलग्याच्या दुःखासाठी अशी सर्वमान्य रीत आमच्या लोकसंस्कृतीत मला सापडत नाही. गोंधळी आहे, पण तो यजमानासाठी गातो. पुरुषाला दारू आहे. भाषेचा विनोद असा, की घुमणारी बाई ऐकली जाते आणि घुम्या मुलगा ऐकला जात नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडी येथे एमडी हा अमली पदार्थ पकडला गेला आणि तुळजापूरचे नाव काही महिने राज्यभर गाजले. चर्चा झाली ती पोलिसांची, राजकारणाची, तीर्थक्षेत्राच्या बदनामीची. गावातल्या पोरांना बधिर व्हावेसे का वाटते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. बदनामी गावाची झाली, पोरांचे काय झाले ते बातमीत नव्हते.

भविष्याकडे पाहावे तर तिथेही दार अर्धेच उघडे. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाल्यावर आठवीपर्यंत मुलाला नापास करण्याची सोय राहिली नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीच्या परीक्षा परत आल्या. पण मधल्या साऱ्या पिढीला आपण ‘कच्चे’ आहोत हे पहिल्यांदा कळले ते नववीत, म्हणजे नेमके ज्या वर्षी आवाज फुटतो आणि आरशात पाहणे सुरू होते त्या वर्षी. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला गेला. हेतू चांगला होता. वाडीवस्तीवरच्या बापाने तो शेरा वाचून विचारले, ‘म्हंजी नापासच की?’ हुशार मुलाचे वेगळेच. त्याला आठवीपासून ‘लातूर पॅटर्न’ची सावली, अकरावीला लातूरला खोली, खानावळ, क्लासची फी, त्यासाठी विकलेली किंवा गहाण पडलेली जमीन, आणि आपण नापास झालो तर ती जमीन आपण खाल्ली हा हिशेब. आणि या दोघांनाही लहानपणापासून ऐकू येणारे एक वाक्य: शेतकरी पोराला पोरगी कोण देतंय? आमच्या शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी तो गमतीची बातमी म्हणून छापला. पंधराव्या वर्षी ही गंमत वाचणाऱ्याला स्वतःचे तिशीतले चित्र त्यात दिसले असणार.

जात ही या सगळ्याखालची जमीन. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या शेवटी दगड भिरकावतो, प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी त्याला विद्रोह म्हटले, ते बरोबरच आहे. परंतु दगडाच्या आधी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर हा मुलगा लाजतो, लपतो, वर्गमित्रांची नजर चुकवतो. त्या लपण्याला आपण नाव दिले नाही. दगडाला दिले. मुलग्याचे दुःख रागाच्या रूपात आल्याखेरीज वाचताच येऊ नये, ही केवळ शिक्षक-कक्षाची मर्यादा नव्हे, आमच्या समीक्षेचीही आहे.

आणि तरीही मराठीच्या अगदी आरंभी याच्या उलट वाचनाचा एक नमुना पडलेला आहे. परंपरेने मुक्ताबाईच्या नावे असलेले ताटीचे अभंग. ती कथा सर्वांना ठाऊक आहे: आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, मुले वाळीत टाकलेली, भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कोणीतरी अपमान करतो आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसून राहतात. परंपरेचे सनावळे मानले तर ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा आणि मुक्ताबाईचा १२७९ चा; म्हणजे आतला मुलगा किशोरवयाचा आणि बाहेरची बहीण त्याहून चार वर्षांनी लहान. संतचरित्राला मानसशास्त्राचे ठिगळ लावतो आहे असा आक्षेप येईल. ज्ञानदेवांचे निदान करण्याचा वेडेपणा मला करायचा नाही. मुद्दा बहिणीच्या बोलण्याचा आहे. दार लावून बसणे याला ती माज म्हणत नाही. तो दुखावला आहे हे ती धरूनच चालते, त्याचा मोठेपणा त्याला आठवून देते, आणि एकदा सांगून थांबत नाही. पुन्हा पुन्हा तीच विनवणी करते. आपण हे अभंग क्षमा आणि शांती यांचा उपदेश म्हणून शिकवतो. बंद दारापाशी उभे राहण्याची रीत म्हणून ते शिकवता येतील.

एवढ्याने औदासीन्य बरे होत नाही हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दुष्काळी घरातला प्रत्येक मुलगा या विकारात सापडत नाही आणि सुखवस्तू घरातला सापडतो. त्यात आनुवंशिकता असते, मेंदूतले बदल असतात, आणि अनेकांना डॉक्टर व औषध लागते. त्याची लाज नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली हा क्रमांक लिहायला खर्च येत नाही. पण फोन करण्यापूर्वी मुलाला आपल्याला जे होते आहे ते दुर्गुण नव्हे, दुखणे आहे, असे वाटावे लागते. आणि ते त्याला कोणाच्या तरी तोंडून ऐकावे लागते.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार आहे. तेव्हा अशी माणसे मिळणे इतर तालुक्यांपेक्षा आम्हाला सोपे जावे. नेमणूक खरोखरीची झाली तर त्या माणसाला एक छोटी खोली लागेल, जिथे जाताना मुलगा मुख्याध्यापकांच्या दारावरून जाणार नाही. आणि दालनावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी नसलेली बरी. पण बहुतेक शाळांत हे काम कागदावर कोणाच्या नावे लागेल याचा अंदाज मला आहे. ज्याच्याकडे पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आधीपासून आहे, त्याच्याच.